विद्यापीठाची स्थळपाहणी

अकलूजच्या घोडेबाजारात दिवाळीच्या सुमारास दूरदूरच्या मुलखांतून जनावरे येतात आणि जनावरांमागोमाग गिऱ्हाइकेही येतात. परंतु घोड्याचे दात न मोजता, कपाळावरचे नि मानेवरचे भोवरे न तपासता, मैदानात दोन फेऱ्या रपेट घेऊन त्याची चाल न पाहता, केवळ मालकाने छापून वाटलेल्या रंगीत पत्रकावर श्रद्धा ठेवून कमरेचा कसा मोकळा करणारा इसम त्या बाजारात आजतागायत माझ्या दृष्टीस पडलेला नाही. (राजकारणातल्या घोडेबाजाराची गोष्ट निराळी; तेथे खायचे दात आणि दाखवायचे दात मुळातच वेगळे असतात.) विद्यापीठ पसंत करताना मात्र हीच चोखंदळ माणसे आपल्या पोटच्या पोराची ऐन उमेदीची वर्षे आणि बापजाद्यांची पुंजी, ज्यावर हिरवळ, कारंजे आणि हसरे चेहरे यांपलीकडे फारसे काही छापलेले नसते अशा एका पत्रकाच्या हवाली बिनदिक्कत करून टाकतात. हयात मालशिरसच्या तहसील कचेरीत घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हा व्यवहार मानवणे शक्य नव्हते. जागेवर गेल्याखेरीज, चतुःसीमा पाहिल्याखेरीज आणि लगतच्या खातेदारांच्या जबान्या घेतल्याखेरीज ज्या खात्यात बांधावरच्या बाभळीचाही निकाल लागत नाही, त्या खात्याचे मीठ मी खाल्ले आहे. म्हणून माझ्या नातवाने, म्हणजे मुलीच्या मुलाने, बी.एस्सी. पदरात पडण्याच्या सुमारास पुणे विद्यापीठात जाऊन संख्याशास्त्रात एम.एस्सी. करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा ‘अर्जापूर्वी स्थळपाहणी व्हावी’ असा शेरा मी तत्काळ मारला.

जावईबापूंनी, घरचे विद्यापीठ सोडून परक्या विद्यापीठात कशाला, अशी हरकत दाखल केली; परंतु ती दप्तर न पाहता केलेली होती. अकलूज नीरेच्या काठावरून तसूभरही हललेले नाही. विद्यापीठांचे अंमल मात्र त्याच्या डोक्यावरून एकामागून एक निघून गेले. 1949 पर्यंत आमचा मुलूख मुंबई विद्यापीठाच्या हुकमतीखाली होता. त्या साली पुण्यास विद्यापीठ स्थापन होऊन महाराष्ट्रातले 12 जिल्हे त्याच्या हद्दीत आले, त्यात आम्ही आलो. 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघताच आमची रवानगी तिकडे झाली, आणि माझी स्वतःची पदवी, जावईबापूंचीही, त्याच शिक्क्याची आहे. 2004 साली सोलापूरला एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. एकाच सर्व्हे नंबरवर इतके फेरफार मंजूर झालेले मी माझ्या नोकरीत क्वचित पाहिले. तेव्हा पुणे हे आमचे परके नव्हे, मागल्या पिढीतले माहेर होय, असा खुलासा मी सादर केला व हरकत निकालात निघाली.

खर्चाची मंजुरी मात्र माझ्या लेकीच्या अखत्यारीत होती. तिने 1,500 रुपयांची तसलमात मंजूर केली आणि तिच्यासोबत तीन शर्ती घातल्या: मुक्कामाला पैसा पडू नये, जेवण घरचे असावे, आणि रिक्षा हे वाहन पुण्यात अस्तित्वात नाही असे समजून चालावे. चौथी शर्त तिने घातली नव्हती. ती आपल्या पायांनी चालत आली. नातवाचे दुसरे आजोबा, म्हणजे माझे व्याही, ज्यांना सारे गाव तात्या म्हणते, त्यांनी आपणही येणार असल्याचे ओसरीवरून परस्पर घोषित केले. ‘माझ्या नातवाचं कालीज आन मी बघू नगं व्हय, पाव्हणं?’ या प्रश्नाला मुलीच्या बापाजवळ उत्तर नसते. लग्नाला पंचवीस वर्षे लोटली, आहेर जीर्ण होऊन फाटले, मांडवाचे बांबू कोणाच्या तरी गोठ्याला लागले, तरी व्याह्यांचा मान हे असे इनाम आहे की जे कोणत्याही कायद्याने अद्याप खालसा झालेले नाही.

सुदैवाने तात्यांच्या येण्याने अंदाजपत्रकास यत्किंचितही धक्का बसला नाही. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात, 2022 साली, राज्य परिवहन महामंडळाने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला. पासष्ट ते पंचाहत्तर या दरम्यानच्या आम्हां कनिष्ठ वृद्धांना अर्धे तिकीट पडते, आणि 2023 पासून स्त्रियांनाही अर्धेच. त्यामुळे ज्याच्याकरिता हा सारा प्रवास योजलेला होता तोच एकटा आमच्या मंडळात पूर्ण तिकिटाचा धनी ठरला. नातवाने वाहकाच्या देखत हिशेब मांडला की, शून्य, अर्धे आणि एक यांची सरासरी अर्धे तिकीट, मध्यकही अर्धे तिकीट, आणि बहुलक मात्र नाही. वाहकाने, बहुलकाला सवलत लागू आहे की नाही हे आगारात विचारावे लागेल, असे गंभीरपणे सांगितले आणि तात्यांच्या आधारकार्डावरील छायाचित्र तात्यांच्या चेहऱ्याशी ताडून पाहण्यात तो गढून गेला. छायाचित्रात मिशा होत्या; प्रत्यक्षात त्या त्याहून मोठ्या झाल्या होत्या.

अकलूज सोडले की सराटीजवळ नीरेचा पूल लागतो आणि पुलाच्या मध्यावर कोठेतरी सोलापूर जिल्हा संपून पुणे जिल्हा सुरू होतो. तुकोबारायांच्या पादुकांना येथेच नीरास्नान घडते आणि मग पालखी अकलूजच्या रिंगणाला येते. तात्यांनी देहूपासून पंढरपुरापर्यंत ही वारी इतक्या वेळा पायी केली आहे की, रस्त्यावरचे एकूणएक चिंचेचे झाड आपल्याला नावानिशी ठाऊक आहे असा त्यांचा दावा होता, आणि प्रवासात मार्गदर्शक म्हणून तोच उपयोग होईल असे मला वाटले होते. परंतु इंदापूर येईपर्यंत त्यांनी एकही खूण ओळखली नाही. ते अस्वस्थ झाले. खिडकीतून बाहेर पाहत, मान हलवीत, ‘ह्यो रस्ता न्हवं’ असे पुटपुटत राहिले, आणि अखेर आसनावर गुडघे टेकून, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसले. तत्क्षणी सारा मुलूख त्यांना ओळखू येऊ लागला. जन्मभर हा रस्ता पुण्याकडून पंढरपुराकडे तोंड करून चाललेल्या माणसाला तो उलट्या दिशेने कसा ठाऊक असणार? मागच्या आसनावरील एका नवविवाहित जोडप्याला त्यांचे हे सन्मुख दर्शन पुढे बराच काळ घडले. इंदापूरच्या पुढे पालखीचा मार्ग बारामतीकडचा असल्याने त्या टापूत तात्यांनी डोळे मिटून घेतले. भिगवणपाशी उजनीच्या फुगवट्यातले पक्षी मी दाखवू गेलो तर ‘आपला मुक्काम हितं नसतो’ एवढेच म्हणाले. पाटस आले तसे ते पुन्हा जागे झाले, आणि यवतचे पिठले-भाकरी, लोणी काळभोरचा तळ, हडपसरची गर्दी अशी सगळी वारी त्यांनी शेवटापासून आरंभापर्यंत आम्हांस कथन केली.

मुक्कामाची सोय सदाशिव पेठेत होती. तेथे जावईबापूंच्या चुलतभावाचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो व ‘कॉट बेसिस’वर राहतो. हा शब्द ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्या माहितीकरिता सांगतो की, ही मालमत्तेची अशी पद्धत आहे की जिच्यात खोली भाड्याने मिळत नाही, खोलीचा कोपराही मिळत नाही. मिळते ती एक लोखंडी खाट आणि तिच्या वरचे व खालचे अवकाश. आम्ही गेलो त्या खोलीत आठ खाटा होत्या. खाटेखाली पत्र्याची पेटी, पेटीवर बादली, बादलीवर मालकाचे नाव तैलरंगात. खाटेच्या डोईकडे भिंतीवर वेळापत्रक, आणि त्याच्यावर भारताचा नकाशा, ज्याच्यावर नद्या निळ्या शाईने इतक्या वेळा गिरवलेल्या होत्या की गोदावरीला ठिकठिकाणी भोके पडली होती. विजेची कळ एक आणि दूरध्वनी आठ असल्यामुळे भारणीच्या पाळ्या लावलेल्या होत्या व त्यांचे कोष्टक दारामागे टांगलेले होते. खोलीतले निम्मे बहाद्दर मध्यरात्रीपर्यंत जवळच्या अभ्यासिकेत असल्याने तोवर त्यांच्या खाटा रिकाम्या असतात. त्या खाटांवर आमची तात्पुरती नेमणूक झाली. मध्यरात्री मूळ मालक रुजू होताच आम्ही कार्यभार सोपवून सतरंजीवर यावे, असा तह ठरला.

एवढ्या काटकसरीच्या मुक्कामात माझा असा सन्मान होईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. मी तहसील कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून आहे, ही वार्ता फुटताच खोलीतले, शेजारच्या खोलीतले आणि जिन्यावरचे सर्व उमेदवार माझ्याभोवती गोळा झाले. ज्या पदांची नावे ते पुस्तकातून वर्षानुवर्षे घोकीत होते, त्यांपैकी एक पद प्रत्यक्ष मिशीला पीळ देत त्यांच्या खाटेवर बसले होते. त्यांनी मला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 यावर प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. फेरफार नोंदवही कोणत्या कलमाखाली? मी म्हणालो, ती कपाटाच्या दुसऱ्या खणात असते. ‘कलम 150!’ असा चार कंठांतून एकदम उद्घोष झाला. लेखनप्रमादाची दुरुस्ती? ‘155!’ माझ्या आयुष्याचा पाव हिस्सा ज्या कलमाने खाल्ला त्याचा क्रमांक मला मुखोद्गत होता. पण मी तोंड उघडण्यापूर्वीच माझे आयुष्य त्यांनी ओरडून संपवले. मग मी प्रतिप्रश्न केला की, दोन भावांनी एकाच दिवशी एकाच विहिरीवर हक्क सांगितला आणि दोघेही सरपंचाचे मेहुणे असले तर काय करावे? खोलीत शांतता पसरली. हे कोणत्या कलमात येते, असे एकाने वही उघडून विचारले. ते कशातच येत नाही, तो जेवणाच्या सुट्टीनंतरचा विषय आहे, असे मी सांगितले, आणि ते त्याने लिहून घेतले.

लेकीने बांधून दिलेली कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे त्या रात्री आठ खाटांवर फिरले. सोलापूरची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते असा लौकिक आहे. तो खरा की खोटा हे पाहण्याची संधी तिला सदाशिव पेठेत मिळाली नाही. मोबदल्यात आम्हांस खानावळीच्या डब्यातली वरणासारखी भाजी आणि भाजीसारखे वरण मिळाले.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाली कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा घेऊन आम्ही शहराच्या बसने विद्यापीठाकडे निघालो. तात्यांनी येथेही राजमुद्रेप्रमाणे आधारकार्ड पुढे केले. शहर बसला ती योजना लागू नाही, येथे पासाची व्यवस्था निराळी, असे वाहकाने समजावताच, ‘म्हंजे पुण्यात मी तरुण झालो म्हणायचं!’ असा निष्कर्ष काढून त्यांनी धोतराच्या सोग्यातून नाणी मोजून दिली, आणि मग पूर्ण पैसे भरलेल्या माणसाच्या अधिकाराने खिडकीची जागा मागितली.

गणेशखिंडीचा रस्ता आला तसा आमच्याबरोबर आलेला उमेदवार ‘22 जून 1897’ असे एकदम म्हणाला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गव्हर्नरच्या बंगल्यात आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी याच रस्त्यावर गोळी झाडली. आज त्या रस्त्यावरून वाहने अशा गतीने चालतात की, कोणालाही कोणाला गाठण्यास मुळीच घाई करावी लागू नये. विद्यापीठ चौकातील जुना उड्डाणपूल 2020 साली पाडून त्या जागी दुमजली पुलाचे काम हाती घेण्यात आले. पाडण्यासारखा पूल बांधायचा आणि मग बांधण्यासारखा पूल पाडायचा, हे सार्वजनिक बांधकामाचे रहाटगाडगे मालशिरस तालुक्यातही चालते, फक्त तेथे त्याची उंची कमी असते.

दरवाजावर रखवालदाराने ‘कोणाला भेटायचंय?’ असे विचारले. हा प्रश्न प्रवासखर्च भरपूर असलेल्या माणसाला कोणी विचारीत नाही. तो मोटारीतून काच वर करून आत जातो. तात्यांनी क्षणभर विचार करून ‘विद्यापीठाला’ असे उत्तर दिले. रखवालदार मूळचा करमाळ्याकडचा निघाला, तात्यांच्या आत्याचे गाव त्याच्या मामाच्या गावाला लागून निघाले, आणि नंतरच्या पाव घटकेत आम्हांस आवारातल्या वाटा, फाटे, पाण्याच्या जागा आणि कोणत्या कचेरीत कोणत्या वेळी जाऊ नये याची इतकी सविस्तर माहिती मिळाली की माहितीपत्रकाचे मोल त्याच ठिकाणी उतरले.

मुख्य इमारत पाहून मी थक्क झालो, हे मान्य केले पाहिजे. परंतु माझ्या थक्क होण्याचे कारण शिल्पशास्त्राशी संबंधित नव्हते. हा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला. सर बार्टल फ्रिअरच्या अमदानीत, 1864 साली, जेम्स ट्रबशॉ या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून त्याचे काम सुरू झाले. ते दिवस कापसाचे होते: अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईचे व्यापारी व त्यांच्यामागोमाग मुंबई सरकार दोघांच्याही डोळ्यांपुढे सोन्याचा धूर निघू लागला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंदही त्याच लाटेवरचे. 1865 साली युद्ध थांबले, कापूस पडला, पेढ्या बुडाल्या. बंगल्याचे काम मात्र थांबले नाही, ते 1871 पर्यंत चालू राहिले. खर्च अंदाजपत्रकाच्या कुंपणावरून उडी मारून पलीकडे गेला आणि मुंबई सरकारच्या उधळेपणाचा बोभाटा थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचला. स्वतः फ्रिअर 1867 सालीच स्वदेशी परतला. ज्याने घर बांधायला काढले त्याच्या अमदानीत ते पुरे झाले नाही. ऐंशी फूट उंच मनोऱ्याखाली 1,500 रुपयांची तसलमात घेऊन उभा असलेला मी, ज्याला फुलस्केप कागदाच्या एका जादा दस्त्याबद्दल वरिष्ठांनी खुलासा विचारला होता, त्या लाटसाहेबाच्या बेफिकिरीकडे किती तरी वेळ असूयेने पाहत राहिलो. एकाच्या उधळपट्टीवर कित्येक पिढ्यांची काटकसरीची विद्या चालली आहे, ही गोष्ट कोणत्या शीर्षाखाली खर्ची घालावी ते मला अद्याप ठरवता आलेले नाही.

इमारतीसमोर सावित्रीबाई फुल्यांचा पुतळा आहे. 2014 पासून विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे. तात्यांनी पुतळ्याला हात जोडले आणि पुढे ‘संत नामदेव सभागृह’ अशी पाटी दिसताच पायातल्या वहाणा काढल्या. आत कोणती तरी कार्यशाळा चालू होती. दारातल्या स्वयंसेवकाने नाव नोंदवायचे आहे का, असे विचारले. नामदेवांच्या दारात नाव घ्यायचे असते, नोंदवायचे नसते, असे तात्यांनी त्याला सांगितले व उंबऱ्याला हात लावून आम्ही परतलो.

मग त्यांनी आवाराचे क्षेत्र विचारले. 411 एकर, असे नातवाने सांगितले. तेव्हापासून तात्यांचे लक्ष इमारतींवरून उडाले. एकरी चाळीस टन धरले तरी 16,440 टन ऊस, असा हिशेब नातवाच्या आधी त्यांनी तोंडी केला. शंकरनगरच्या कारखान्याला हे किती दिवसांचे गाळप होईल, एवढ्या वडांची सावली पडत असता उतारा किती बसेल, आणि मुळात एवढे रान पडीक ठेवण्यास परवानगी कोणी दिली, अशा एकाहून एक बिकट शंका ते विचारीत चालले. येथे बुद्धीची मशागत होते, असे मी म्हणालो. ‘मंग एकरी उतारा काय?’ या प्रश्नावर संख्याशास्त्राच्या भावी पदव्युत्तर विद्यार्थ्यानेही मान खाली घातली.

या चालण्यात काटकसरीचे एक गुह्य मला उमगले. रिक्षा केली असती तर विभागापुढे उतरून, पाटी वाचून, खिडकीशी चौकशी करून तासाभरात आम्ही परतलो असतो आणि विद्यापीठ पाहिल्याचे समाधान घेऊन गेलो असतो. पायी निघाल्याने वाट चुकणे भाग पडले, चुकल्याने विचारणे भाग पडले, आणि विचारल्याने ज्याला विद्यापीठ म्हणतात ते तुकड्यातुकड्याने हाती लागत गेले. विभागाच्या कचेरीतील कारकुनाने, समोरचा मनुष्य कागद सरळ धरतो हे पाहताच मला जातभाई म्हणून ओळखले आणि प्रवेश-परीक्षेचा अर्ज, शुल्क, आरक्षणाचे दाखले व त्यांची मुदत हे सारे एका पाठकोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिले. पण खरी जबानी मिळाली ती बागेत.

एका वाफ्यापाशी चष्मा लावलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला एक तरुण खुरपे घेऊन बसला होता. ‘कमवा व शिका’ योजनेतला तो विद्यार्थी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे रयतच्या पोरांना जी रीत लावली तिचेच नाव या योजनेला आहे. गाव नांदेडकडचे, विषय अर्थशास्त्र, आणि खुरपे धरण्याची रीत, तात्यांच्या मते, सपशेल चुकीची. ‘आरं, मूळ तोडतुयास की लेकरा, वाढवतुयास?’ असे म्हणत तात्यांनी त्याच्या हातून खुरपे घेतले, धोतर खोचले आणि वाफ्यात बसकण मारली. ते खुरपीत होते आणि तो तरुण, काम हलके झाल्याच्या कृतज्ञतेने, बोलत होता. वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव नसले तर रडत घरी जायचे नसते, पुढची यादी असते. तोवर कोणाच्या खोलीत ‘पाहुणा’ म्हणून राहावे आणि पाहुण्याने कोणत्या वेळी दिसू नये. जयकर ग्रंथालयात जागा धरायची तर सकाळी किती लौकर उठावे. परीक्षेच्या आधी कोणत्या झाडाखाली कोणत्या विषयाची मुले बसतात. पहिले दोन महिने इंग्रजीतून व्याख्यान कळत नाही, मग कळू लागते, आणि मग असे ध्यानात येते की पहिल्या दोन महिन्यांत फारसे काही चुकले नव्हते. नातू हे सर्व ऐकत उभा होता. इतका वेळ तो आम्हां दोघा म्हाताऱ्यांपासून, येणाऱ्याजाणाऱ्यांना नाते कळू नये इतपत अंतर राखून चालला होता. येथे मात्र तो आपण होऊन वाफ्याच्या कडेला बसला आणि त्याने पहिला प्रश्न स्वतः विचारला. प्रश्न जेवणाविषयी होता. पोळ्या मोजून मिळतात का, असा. खुरपणी संपली तेव्हा वाफा असा निघाला की, बागेच्या मुकादमाने येऊन योजनेत नवीन विद्यार्थी कोणत्या वर्गाचा, अशी तात्यांकडे पाहून चौकशी केली.

आवारातच जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने 1988 साली स्थापन झालेले खगोलशास्त्राचे केंद्र, ‘आयुका’, आहे. त्याची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. तेथे फुकोचा लंबक आहे आणि त्याचा आंदोलनाचा पट्टा हळूहळू सरकतो, त्यावरून पृथ्वी फिरते हे डोळ्यांना दिसते. तात्यांना हे पटवून देण्यात नातवाने सारे भौतिकशास्त्र खर्ची घातले. ते शांतपणे ऐकून घेऊन तात्या त्याच्यापुढे मांडी घालून बसले आणि पूर्ण फेरा झालेला पाहिल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. पुण्याच्या अक्षांशावर त्या फेऱ्याला सुमारे 75 तास लागतात असे नातवाने गणित करून सांगितले. शेवटची गाडी त्याच्या पुष्कळ आधी होती. ‘पंच्याहत्तर म्हंजे मला माफच असंल की,’ असे म्हणून तात्या हलेनात, तेव्हा अखेर मी व्याह्यापुढे हात जोडण्याचा तो पंचवीस वर्षे जपून वापरलेला उपाय योजला. नातवाने लंबकाच्या खाली एक काल्पनिक खूण दाखवली आणि ‘इथपर्यंत आलाय, उरलेलं मी पुढच्या दोन वर्षांत बघून सांगतो’ असे वचन दिल्यावर ते उठले.

घरी परतल्यावर मी आठ पानांचा अहवाल, गोषवारा व खर्चाच्या तपशिलासह, जावईबापूंच्या हाती दिला. 1,500 पैकी शिल्लक रक्कम परत भरली. खर्चात तात्यांनी पुतळ्यापुढच्या फुलवाल्याला दिलेले दहा रुपये ‘किरकोळ’ या सदरी होते, व त्याला लेकीने आक्षेप घेतला नाही. जावईबापूंनी अहवाल उशाशी ठेवला आणि वडिलांनाच विचारले, की कसे काय आहे विद्यापीठ? तात्या म्हणाले, ‘जमीन मुरमाड हाय, पर पाणी हाय. पोरं हाताला चिखल लावून घेत्यात. लाव आपलं बी रोप.’ आठ पानांचा निकाल असा लागला.

अर्ज भरायचा तो रात्रीच, कारण दिवसा आमच्याकडे जाळे नीट लागत नाही. नातवाने संगणकावर माझ्या पाठकोऱ्या कागदाबरहुकूम सर्व रकाने भरले, छायाचित्र चढवले, सही चढवली, आणि शुल्क भरण्याच्या पायरीवर सारे अडले. बँकेच्या खात्याला दूरध्वनी क्रमांक तात्यांचा जोडलेला होता, त्यामुळे सहा आकड्यांचा संकेतांक त्यांच्या यंत्रावर गेला, आणि यंत्र त्यांच्या उशीखाली होते. लेकीने मला पाठवले. सासऱ्यांना झोपेतून उठवण्याचे काम सून करीत नाही, व्याही करतो. तात्या उठले, पाणी प्याले, चष्मा मागवला, आणि ज्या बाईने यंत्रातून कोणालाही हे आकडे सांगू नका असे बजावले होते तिचा दाखला देऊन, सांगायचे की नाही याचा विचार करीत बसले. विचार पुरा होऊन ते आकडे वाचीत होते तोवर मुदत संपली. दुसरा संकेतांक आला. हा त्यांनी एकेक आकडा बोटाने दाबून धरीत, मोठ्याने, शेजारच्या वाड्यातही ऐकू जाईल असा वाचला. अर्ज दाखल झाला. प्रवेश-परीक्षा पुढल्या महिन्यात आहे, आणि तात्यांनी तिच्याकरिता सराटीकडची सकाळची गाडी किती वाजता आहे याची चौकशी आताच करून ठेवली आहे.